अपडेटनंतर आयपी पत्ता मिळत नाही? राउटर रिसेट करण्याआधी हे करून बघा

गेल्या जुलैमधली गोष्ट. गोव्यात फोंड्याजवळ आमचं जुनं घर आहे, चिऱ्याच्या जाड भिंतींचं, मधोमध राजांगण असलेलं. वहिनी घरून काम करते. एका सकाळी तिनं लॅपटॉप उघडला तेव्हा रात्रीत विंडोजचं अपडेट बसलेलं होतं आणि इंटरनेट बंद. वायफायची खूण पूर्ण, पण एकही पान उघडेना. दोष अपडेटचाच, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. कनेक्शन देणाऱ्यांना फोन केला, पलीकडून उत्तर आलं, ‘राउटर रिसेट करा’. मी केला. त्यासरशी राउटरमधलं युजरनेम आणि पासवर्ड पुसले गेले. ते आमच्याकडे कुठेही लिहिलेले नव्हते. चार दिवस सगळं घर बंद. वहिनी ते चार दिवस भर पावसात लॅपटॉप घेऊन मैत्रिणीकडे जात होती.

शेवटी कळलं ते असं: लॅपटॉपचा काहीच दोष नव्हता. माडीवर सिग्नल पोचावा म्हणून लावलेल्या दुसऱ्या राउटरनंही त्याच रात्री स्वतःचं सॉफ्टवेअर बदलून घेतलं होतं. त्यात त्याची जुनी सेटिंग्ज गेली आणि तो घरात भलतेच पत्ते वाटायला लागला. दहा मिनिटांत सापडण्यासारखी गोष्ट होती, फक्त कुठल्या क्रमानं बघायचं ते मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर शेजारीपाजारी, नातेवाईक अशा बऱ्याच घरांत हाच प्रश्न सोडवला. तो क्रम इथे देतो.

एक सूचना आधीच. खाली ज्या कमांड आणि सेटिंगची नावं येतात ती मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. तुम्ही ती संगणकावर इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची.

पत्ता मिळतो तरी कसा

हे पाच मिनिटं देऊन वाचाच. पुढची प्रत्येक पायरी यावर उभी आहे.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला नेटवर्कवर एक पत्ता लागतो, तोच आयपी पत्ता. तो आपण हातानं देत नाही. राउटरमधली डीएचसीपी नावाची व्यवस्था तो देते. ही पद्धत १९९३ मध्ये आली आणि आज आपण वापरतो तो तिचा आराखडा मार्च १९९७ मध्ये ठरला. उपकरण आणि राउटर यांच्यात चार वाक्यांचं बोलणं होतं. उपकरण जोडलं गेलं की सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतं, ‘मला पत्ता देणारं कोणी आहे का?’ राउटर म्हणतो, ‘हा घे, १९२.१६८.१.१०५ मोकळा आहे.’ उपकरण म्हणतं, ‘ठीक, तोच दे.’ राउटर म्हणतो, ‘दिला, इतक्या वेळापुरता.’

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, उपकरणाची हाक सगळ्या घराला जाते. ती ऐकून कोणीही उत्तर देऊ शकतो, आणि बहुतेक वेळा ज्याचं उत्तर आधी पोचतं त्याचा पत्ता घेतला जातो. आमच्या माडीवरच्या राउटरनं नेमकं हेच केलं. दुसरी, पत्ता कायमचा मिळत नाही, भाड्यानं मिळतो. मुदत २४ तासांची असेल तर १२ तास झाले की उपकरण त्याच राउटरकडे मुदत वाढवून मागतं. उत्तर नाही आलं तर २१ तासांनंतर जो कोणी ऐकेल त्याच्याकडे मागतं. तरीही नाही, तर २४ तासांनी पत्ता सोडावा लागतो. म्हणून राउटरचं अपग्रेड रात्री दोनला झालं आणि सतत चालू असलेला टीव्ही किंवा कॅमेरा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंद पडला, तरी कारण रात्रीचंच असू शकतं. ‘सकाळी तर चालत होतं’ या वाक्यावर विसंबू नका.

आपलं काम इतकंच: या चार वाक्यांपैकी बोलणं कुठं तुटलं ते शोधायचं.

हाताशी काय ठेवाल

- वही आणि पेन. फोनमध्ये टिपून ठेवू नका, मधेच त्याचंच वायफाय तोडावं लागतं.
- एक लॅन केबल, म्हणजे राउटर आणि संगणक जोडणारी तार, चालू असल्याची खात्री असलेली. नव्या लॅपटॉपला पोर्ट नसतं, तर यूएसबीला लागणारा अडॅप्टर.
- मोबाइल डेटा चालू असलेला एक फोन.
- राउटरच्या पाठीवरच्या किंवा तळाच्या स्टिकरचा फोटो. त्यावर राउटरचा पत्ता आणि लॉगिनची माहिती असते.
- कनेक्शन देणाऱ्यांकडून मिळालेलं पीपीपीओईचं, म्हणजे राउटर त्यांच्याकडे ज्यानं लॉगिन करतो ते, युजरनेम आणि पासवर्ड. नसेल तर आज, सगळं चालू असतानाच, मागून घ्या. कनेक्शनच्या अर्जाची किंवा पावतीची प्रतही काढून ठेवा, ग्राहक क्रमांक त्यावर असतो.
- पावसाळा असेल तर राउटरला इन्व्हर्टर किंवा यूपीएस. सॉफ्टवेअर बदलत असताना वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो.

१. काय काय बदललं ते आधी लिहून काढा

काहीही दाबण्याआधी घरात विचारा आणि गेल्या दोन दिवसांत बदललेलं सगळं लिहा. लॅपटॉपचं अपडेट, फोनचं अपडेट, राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर), नवा अँटीव्हायरस, ऑफिसचं नवं व्हीपीएन, कोणी हलवलेली केबल. बरेच राउटर मध्यरात्रीनंतर न विचारता स्वतःला अपडेट करतात. राउटरच्या पानावर (ते कसं उघडायचं ते पायरी ८ मध्ये) ‘सिस्टिम’ किंवा ‘ॲडमिनिस्ट्रेशन’खाली फर्मवेअरची आवृत्ती दिसते, काही मॉडेलमध्ये तारीखही.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट विचारावी लागते: काल रात्री गडगडाट झाला का? विजेच्या धक्क्यानं राउटरचं एखादंच लॅन पोर्ट जळतं, बाकीचा राउटर व्यवस्थित चालतो. दोष मात्र त्याच रात्रीच्या अपडेटवर जातो. केबल लावल्यावर पोर्टचा दिवा पेटत नसेल तर शेजारच्या पोर्टमध्ये लावून बघा. तिथे पेटला तर हा लेख तुमच्यासाठी नाही, ते पोर्ट सोडून द्या.

२. त्रास एकाला की सगळ्यांना?

घरातली निदान तीन उपकरणं तपासा. अपडेट न झालेलं एखादं त्यात असू द्या, जुना फोन सगळ्यात उत्तम.

एकच उपकरण अडलं असेल तर राउटरला हात लावायचं काही कारण नाही, सरळ पायरी ५, ६ किंवा ७ वर जा. सगळी अडली असतील तर पायरी ८. काही चालतात, काही नाहीत, आणि बंद-चालू केल्यावर चालणारी-अडणारी बदलतात, असं दिसलं तर पायरी ९ आधी वाचा. आमच्या घरी हेच चालू होतं. भावाचा फोन चालत होता म्हणून आम्ही राउटरला निर्दोष मानलं, आणि दुसरा राउटर कोणाच्या ध्यानातच आला नाही.

३. मिळालेला पत्ता वाचा

विंडोजवर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून आयपीकॉन्फिग, एक जागा सोडून, तिरकी रेघ आणि ‘ऑल’ असं टाइप करा. लिनक्सवर ‘आयपी’, जागा, ‘ए’. फोनवर वायफायच्या नावापुढच्या चाकावर किंवा ‘आय’ खुणेवर बोट ठेवलं की पत्ता दिसतो. आलेला पत्ता वहीत उतरवा, सोबत ‘डिफॉल्ट गेटवे’ (बाहेर जायची वाट, म्हणजे राउटरचा पत्ता) आणि ‘डीएचसीपी सर्व्हर’ (पत्ता कोणी दिला ते) या ओळीही.

पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर उपकरणानं हाक मारली, पण कोणाचंही उत्तर त्याला मिळालं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक पत्ता लावून घेतला. त्या पत्त्यावर इंटरनेट मिळत नाही. याचा अर्थ उपकरण बिघडलं असा नाही. हाक गेलीच नाही, पोचली नाही, किंवा उत्तर परत आलं नाही, या तिन्ही शक्यता उघड्या आहेत.

पत्ताच नसेल किंवा सगळी शून्यं दिसत असतील, तर बहुधा ते हाक मारण्याच्या पायरीपर्यंतच आलेलं नाही. ड्रायव्हर (नेटवर्कचं हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा पत्ता मागणारी सेवा बंद आहे.

पत्ता १९२.१६८ नं सुरू होतो, पण तिसरा आकडा घरातल्या चालणाऱ्या उपकरणापेक्षा वेगळा आहे, उदाहरणार्थ तिकडे १९२.१६८.१ आणि इकडे १९२.१६८.०. मग पत्ता दुसऱ्याच कोणी दिला. पायरी ९.

पत्ता आणि गेटवे दोन्ही बरोबर असून पानं उघडत नसतील, तर पत्तावाटपाचं काम झालेलं आहे. अडचण डीएनएसची (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी व्यवस्था) किंवा बाहेरच्या जोडणीची आहे, आणि तिथे डीएचसीपीच्या मागे लागून वेळ जाईल.

विंडोजच्या यादीत ‘मीडिया डिस्कनेक्टेड’ अशा बऱ्याच ओळी दिसतात आणि नवखा माणूस तिथेच घाबरतो. न वापरलेल्या प्रत्येक अडॅप्टरपुढे ती ओळ असतेच. तुम्ही वापरता त्याचाच भाग वाचा.

४. केबल लावून बघा, मग हातानं पत्ता देऊन बघा

राउटरपासून लॅपटॉपपर्यंत थेट केबल जोडा आणि वायफाय बंद करा. केबलवर पत्ता मिळाला तर राउटरची पत्तावाटप व्यवस्था ठीक आहे, गडबड वायफायच्या बाजूची आहे. अपग्रेडनंतर राउटर वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए-३ या नव्या पद्धतीवर नेऊन ठेवतो आणि जुनी उपकरणं अडतात, हे मी दोन घरांत पाहिलं. डब्ल्यूपीए-२ आणि डब्ल्यूपीए-३ असा मिश्र पर्याय निवडला की ती पुन्हा जोडली जातात. आणि चिऱ्याची भिंत मधे असेल तर चाचणी राउटरच्या खोलीतच करा. अर्धवट सिग्नलवर केलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही.

केबलवरही १६९.२५४ आला तर पुढची चाचणी. माझ्या मते सगळ्या लेखात हीच सगळ्यात उपयोगाची आहे. पत्ता हातानं भरा: १९२.१६८.१.२५०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर पहिले तीन आकडे त्याचे घ्या आणि २५० हा आकडा दुसऱ्या कोणाला दिलेला नाही एवढं बघा. आता कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पिंग’, जागा, आणि गेटवेचा पत्ता; समोरून उत्तर येतं का ते ही कमांड बघते. गेटवेकडूनच उत्तर आलं तर केबल, पोर्ट, ड्रायव्हर, राउटर सगळं जिवंत आहे, फक्त पत्ता मागण्या-देण्याचं बोलणं तुटलंय. उत्तर नाही आलं तर डीएचसीपीचा विचार सोडा, तुमची जोडणीच तुटलेली आहे.

चाचणी झाल्यावर पत्ता पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा. हे विसरू नका. हातानं भरलेला पत्ता तसाच राहिला की महिन्याभरानं तोच लॅपटॉप दुसऱ्याच्या घरी किंवा ऑफिसात जोडला जात नाही, आणि तोवर आपण काय केलं होतं ते कोणालाच आठवत नाही.

५. विंडोजवर

क्रम पाळा, आणि प्रत्येक गोष्टीनंतर पत्ता आला का बघा.

आधी ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, तिथे आपल्या जोडणीचे गुणधर्म, आणि ‘आयपी असाइनमेंट’पुढे ‘ऑटोमॅटिक’ आहे का पाहा. ‘मॅन्युअल’ दिसलं तर तेच कारण.

मग ‘सर्व्हिसेस’ उघडून ‘डीएचसीपी क्लायंट’ ही सेवा चालू आहे का पाहा. ही बंद असेल तर संगणक पत्ता मागतच नाही.

मग कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं उघडा. आयपीकॉन्फिग, जागा, तिरकी रेघ, ‘रिलीज’. त्यानंतर तसंच ‘रिन्यू’. पत्ता आला तर काम झालं. ‘डीएचसीपी सर्व्हरशी संपर्क होत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर हाक गेली पण उत्तर नाही. दूरवरून दुसऱ्याचा संगणक दुरुस्त करत असाल तर ‘रिलीज’ चुकूनही वापरू नका, त्या क्षणी तुमचीच जोडणी तुटेल.

आता अँटीव्हायरस आणि व्हीपीएन. पत्त्याचं बोलणं यूडीपीच्या ६७ आणि ६८ या पोर्टवरून चालतं (इथे पोर्ट म्हणजे केबलचं भोक नव्हे, सॉफ्टवेअरमधला वाटेचा क्रमांक). राउटर ६७ वर ऐकतो, संगणक ६८ वर. विंडोजच्या मोठ्या अपग्रेडनंतर जुन्या आवृत्तीची बाहेरची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा तपासणारं सॉफ्टवेअर, कधी कधी अर्धवट उरते आणि ही वाट अडवते. तिला पाच मिनिटं बंद करून ‘रिन्यू’ करा. पत्ता आला तर ती काढून नव्या आवृत्तीत पुन्हा बसवा, कायमची बंद ठेवू नका.

यानंतरच ‘नेट-एस-एच विनसॉक रिसेट’ आणि ‘नेट-एस-एच इंट आयपी रिसेट’, मग संगणक रीस्टार्ट. ‘नेटवर्क रिसेट’ हे बटण सगळ्यात शेवटी. त्यानं अडॅप्टर काढून पुन्हा बसवले जातात आणि साठवलेले वायफाय पासवर्ड, व्हीपीएनची सेटिंग्ज पुन्हा भरावी लागतात.

६. लिनक्स आणि रास्पबेरी पाय

हा भाग थोड्यांच्या कामाचा, पण ज्यांना लागतो त्यांचे इथे रात्रीच्या रात्री जातात. कारण लिनक्सच्या अपग्रेडमध्ये नेटवर्क सांभाळणारा कारभारीच बदलतो, आणि जुन्या कारभाऱ्याच्या फायली तिथेच पडून राहतात. आपण त्या उघडून पाहतो, सगळं बरोबर दिसतं. पण त्या आता कोणी वाचतच नाही.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचं ठळक उदाहरण. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून नेटवर्कचं काम ‘डीएचसीपीसीडी’कडून ‘नेटवर्क मॅनेजर’कडे गेलं. ‘डीएचसीपीसीडी डॉट कॉन्फ’मध्ये लिहिलेला ठरावीक पत्ता नव्या आवृत्तीत लागू होत नाही. तो आता ‘एनएमटीयूआय’ या कमांडनं भरायचा, ती साधा मेन्यू देते.

लिनक्सचाच एक प्रकार असलेल्या उबुंटूनं ऑक्टोबर २०१७ च्या १७.१० आवृत्तीपासून ‘नेटप्लॅन’ घेतलं. तिथे ‘नेटप्लॅन’ फोल्डरमधल्या फाइलमध्ये आपल्या नेटवर्क कार्डाखाली ‘डीएचसीपी-४’पुढे ‘ट्रू’ हवं. या फायलींत टॅब चालत नाही, फक्त स्पेस, आणि ओळींची खोली एकसारखी. बदल केल्यावर ‘नेटप्लॅन ट्राय’ वापरा: तुम्ही १२० सेकंदांत होकार दिला नाही तर जुनी स्थिती आपोआप परत येते. दूर ठेवलेल्या सर्व्हरवर हे फार मोलाचं आहे.

दुसरा सापळा, कार्डाचं नाव. जुन्या यंत्रणेत ते ‘ईटीएच-शून्य’ असायचं. अपग्रेडनंतर ते ‘ईएनपी’नं सुरू होणारं लांब नाव होऊ शकतं. फाइलमध्ये जुनं नाव असेल तर नसलेल्या कार्डासाठी पत्ता मागितला जातो. ‘आयपी ए’मध्ये दिसणारं नाव आणि फाइलमधलं नाव अक्षर अक्षर जुळवा.

तिसरा सापळा सगळ्यात फसवा. पत्ता मिळतो, पण नेहमीचा नाही. राउटरमध्ये तुम्ही त्या यंत्रासाठी पत्ता राखून ठेवलेला असतो, तरी दुसराच येतो. कारण उबुंटू सर्व्हरवरचं ‘सिस्टिमडी-नेटवर्कडी’ राउटरला स्वतःची ओळख मॅक पत्त्यानं (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) देत नाही, यंत्राच्या ‘मशीन आयडी’वरून तयार केलेल्या क्रमांकानं देतं. काही राउटरना मग ते नवखं यंत्र वाटतं. नेटप्लॅनमध्ये त्या कार्डाखाली ‘डीएचसीपी-आयडेंटिफायर’पुढे ‘मॅक’ लिहिलं की जुनी ओळख परत येते. एकाच मेमरी कार्डची नक्कल करून दोन यंत्रं बनवली असतील, तर दोघांची मशीन आयडी सारखी राहून एकच पत्ता दोघांना जातो, तेही तपासा.

७. फोनवर

अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून, फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक पत्ता वापरतो. मागोवा घेणाऱ्यांपासून बचाव म्हणून हे चांगलं आहे. पण तुमच्या राउटरवर ‘फक्त याच मॅकना प्रवेश’ अशी यादी असेल, किंवा त्या फोनसाठी पत्ता राखलेला असेल, तर फोनच्या अपडेटनंतर तो अनोळखी ठरतो. मॅक पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट समजा.

घरच्या वायफायपुरता उपाय सोपा आहे. त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये अँड्रॉइडवर ‘डिव्हाइस मॅक’ निवडा, आयफोनवर ‘प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस’ बंद करा. त्याआधी नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडून बघायलाही हरकत नाही, निम्म्या वेळा तेवढ्यानंच भागतं.

८. राउटरच्या पानावर

चालणाऱ्या उपकरणाच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. कोणालाच पत्ता मिळत नसेल तर पायरी ४ प्रमाणे हातानं पत्ता भरून आत शिरा. ‘लॅन’ किंवा ‘नेटवर्क’खाली ‘डीएचसीपी सर्व्हर’ सापडेल. तो चालू आहे का, ही पहिली गोष्ट. फर्मवेअर बदलल्यावर तो बंद झालेला असू शकतो.

दुसरी गोष्ट, पत्त्यांचा साठा. आमच्या राउटरमध्ये १०० ते १४९ इतकाच होता, म्हणजे ५० पत्ते. रोजच्या सात माणसांना भरपूर. पण चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी मुंबई, पुणे, बेळगावहून सगळे जमतात. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधून होईपर्यंत २५ माणसं घरात, प्रत्येकाचा फोन, काहींची घड्याळं, मुलांचे टॅब, शिवाय टीव्ही आणि कॅमेरे आहेतच. मुदत २४ तासांची असल्यानं सकाळी येऊन गेलेल्या पाहुण्याचा पत्ताही रात्रभर अडून राहतो. मग शेवटी आलेल्याला ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ एवढंच दिसत राहतं, आणि त्यानं नुकताच फोन अपडेट केलेला असेल तर दोष त्याच्यावर जातो. किनाऱ्याकडे ज्यांच्या घरी पाहुण्यांसाठी खोल्या आहेत त्यांना हा त्रास हंगामभर होतो. साठा ५० ते २४० करा, १९१ पत्ते मिळतात, आणि गर्दीच्या दिवसांत मुदत दोन तासांवर आणा.

तिसरी गोष्ट, राखीव पत्ते. प्रिंटर, कॅमेरा यांना हातानं दिलेला पत्ता साठ्याच्या आत पडत असेल, तर राउटर तोच दुसऱ्याला देऊन मोकळा होतो आणि दोघंही अडखळतात. हातानं दिलेले पत्ते साठ्याच्या बाहेर ठेवा, किंवा राउटरमध्येच त्या मॅकसाठी राखून टाका.

९. घरात दुसरा कोणी पत्ते वाटतोय का?

चिऱ्याच्या घरात एका राउटरनं भागत नाही. बल्कांवात, म्हणजे पुढच्या व्हरांड्यात, सिग्नल येत नाही, माडीवर येत नाही, म्हणून दुसरा राउटर येतो. तो नीट लावला तर उत्तम. पण त्याची डीएचसीपी चालू राहिली, किंवा अपग्रेडनंतर परत चालू झाली, तर घरात दोन मालक होतात.

ओळखायचं असं. एका चालणाऱ्या आणि एका अडलेल्या संगणकावरच्या ‘डीएचसीपी सर्व्हर’ आणि ‘गेटवे’ या ओळी शेजारी शेजारी लिहा. आकडे वेगळे, तर दुसरा वाटप करणारा आहे. संशयित राउटरची वीज बंद करा, अडलेल्या संगणकावर ‘रिलीज-रिन्यू’ करा. पत्ता बरोबर आला तर गुन्हेगार सापडला.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. दुसऱ्या राउटरला मुख्य राउटरपासून तोडा आणि लॅपटॉप केबलनं फक्त त्यालाच जोडा. त्याच्या पानावर ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर आधी त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, म्हणजे मुख्य राउटरच्याच कुटुंबातला पण साठ्याबाहेरचा. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा. मग डीएचसीपी बंद करा. आधी डीएचसीपी बंद केलीत तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही आणि हातानं भरल्याशिवाय त्याच्या पानावर परत जाता येणार नाही. शेवटी मुख्य राउटरची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा, वॅनमध्ये (बाहेरचं इंटरनेट आत घेण्याच्या पोर्टमध्ये) नाही.

फायबरचा डबाही स्वतः राउटर असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपण विकत आणलेला राउटर त्याच्या पुढे वॅन पोर्टनं लावला आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असला, तर दोन्ही बाजूंना एकच पत्ता होऊन वाट सापडत नाही. आपल्या राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.५०.१ असा काही करा. १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ नं सुरू होणारे पत्ते १९९६ पासून खासगी वापरासाठीच राखलेले आहेत, त्यामुळे त्यांतला कुठलाही घरात बिनधास्त चालतो.

१०. रिसेट करायचाच झाला तर

इथवर येऊनही सुटलं नाही, तरच. रीस्टार्ट आणि रिसेट एक नव्हेत. वीज बंद करून मिनिटभरानं लावणं हा रीस्टार्ट, तो कितीही वेळा करा. टाचणीनं छोटं बटण दहा सेकंद दाबणं हा रिसेट, त्यात पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक, वायफायचं नाव, राखीव पत्ते सगळं जातं.

आधी राउटरच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढा. ‘बॅकअप’ची फाइलही घ्या, पण तिच्यावरच विसंबू नका, जुन्या फर्मवेअरची फाइल नव्यावर चढत नाही असं होतं. फायबरचा डबा कनेक्शन देणाऱ्यांचा असेल तर त्यांना विचारल्याशिवाय रिसेट करू नका. फोनवर ‘इंटरनेट चालत नाही’ एवढंच सांगू नका. सांगा: ‘केबलवर हातानं पत्ता देऊन गेटवे पिंग होतो, पण डीएचसीपीतून पत्ता येत नाही, राउटरचं फर्मवेअर अमुक तारखेला बदललं.’ त्यांनी तरीही रिसेट सांगितला तर विचारा, युजरनेम आणि पासवर्ड लगेच द्याल का? हातात ते आल्यावरच टाचणी लावा.

सगळं सुरू झालं की राउटरचं आपोआप होणारं अपडेट घरी कोणाचं काम नसेल अशा वेळेवर ठेवा, किंवा फक्त ‘सूचना द्या’वर. ते बंद करून टाकू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. आमच्या घरी आता मीटरच्या पेटीच्या आत एक कागद चिकटवलेला आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, पावसाची ओल लागू नये म्हणून. त्यावर दोन्ही राउटरचे पत्ते, पत्त्यांचा साठा, कुठली केबल कुठल्या पोर्टला, ग्राहक क्रमांक आणि पीपीपीओईचं युजरनेम आहे. पासवर्ड वहिनीकडे आहे.